पटावरची मुलं

साताऱ्याहून वडूजला जाणारी एसटी कोरेगाव सोडते तेव्हा दोन्ही बाजूंना ऊस लागतो. फेब्रुवारीत तो निम्माशिम्मा तुटलेला असतो. मधेच एखादा फड उभा, मधेच जळक्या पाचटाचा काळा पट्टा, बांधाला तोडकऱ्यांच्या कोप्या. त्या दिवशी माझ्या पुढच्या सीटवर दोन शिक्षक बसले होते. साताऱ्यातलं कसलंसं प्रशिक्षण आटोपून परत निघाले असावेत, दोघांच्याही मांडीवर एकसारख्या निळ्या फायली होत्या. धाकटा तिशीतला, मोठा निवृत्तीला टेकलेला. विषय पगाराचा. मुलांच्या निकालावर शिक्षकांची वेतनवाढ ठरवायला हवी, असं कुणीतरी व्यासपीठावरून बोललं होतं आणि ते धाकट्याच्या डोक्यातून जात नव्हतं. तो म्हणाला, "सर, डिसेंबरात माझ्याकडं ऊसतोडीच्या टोळीची पोरं आली. त्यातल्या दोघांना अजून अक्षरओळख नाही. उद्या खरंच असं काही लावलं तर माझा वर्ग पार तळाला दिसंल." मोठ्यानं पिशवीतून पेरू काढला, अर्धा त्याला दिला आणि घरातल्या पोराला समजवावं तशा सुरात सांगितलं, "बसू दे की वर्गात. खिचडी खाऊ दे. पण पटावर नको घेऊ."

धाकटा पेरू खात खिडकीबाहेर बघत राहिला. पुढं दोघं दुसऱ्याच विषयावर गेले, बदल्यांवर बहुतेक. मी पुसेगावला उतरले, आईकडं गेले, जेवले, झोपले, आणि ते वाक्य काही केल्या सुटेना. तो माणूस वाईट नव्हता. मुलाला हाकलून दे असं तो म्हणाला नव्हता. वर्गात बसू दे, जेवू दे, एवढी माया त्याच्या बोलण्यात होती. अशा मुलांना पटावर घ्यावंच लागतं, कायदाच तसा आहे, हेही इतक्या वर्षांच्या नोकरीत त्याला पक्कं माहीत असणार. फक्त कागदावर त्या मुलानं नसावं, म्हणजे शेजारच्या तरुण माणसाच्या पोटावर पाय येणार नाही, एवढंच त्याला हवं होतं. अजून कसला आदेश निघालेला नाही, कसली योजना आलेली नाही, नुसतं भाषणात कुणी काही म्हटलं, तेवढ्यावर दोन भल्या माणसांच्या मनात मुलांची वाटणी सुरू झाली. हे मला टोचत राहिलं.

माझी आई जिल्हा परिषदेची शिक्षिका. निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली, पण गावात अजून 'बाई' म्हटलं की तीच. खटाव आणि माण या दोन तालुक्यांत तिची सगळी नोकरी गेली आणि जवळजवळ सगळी पहिलीच्या वर्गावर. पहिली कुणाला नको असायची. रडणारी पोरं, शेंबूड, कुणाची चड्डी ओली, कुणी दुपारी दप्तर टाकून घरी पळालेलं. पाचवी-सातवीचे गुरुजी गणिताच्या गप्पा मारायचे तेव्हा आईच्या हातात डालड्याच्या डब्यातले चिंचोके असायचे. मी तिच्याच वर्गात शिकले, त्यामुळं तो वर्ग नाकात बसला आहे. ओल्या पाट्यांचा वास, पेन्सिलीची भुकटी, मुलांच्या डोक्याला लावलेलं खोबरेल. माणमध्ये एप्रिलला पाण्याची इतकी ओढ असायची की पाट्या पुसायला एकच फडकं ओलं करून सगळ्या वर्गात फिरवलं जायचं, शेवटच्या रांगेपर्यंत ते वाळून कडक व्हायचं. शेवटच्या रांगेतली मुलं मग थुंकीनं पुसायची, आणि आई बघून न बघितल्यासारखं करायची.

तिच्याकडं एक लांबट वही असे. ती कुणी मागितलेली नव्हती, तपासणीला दाखवायची नव्हती. प्रत्येक मुलासाठी अर्धं पान. 'काना कळला, वेलांटी उलटी काढतो.' 'वीसपर्यंत मोजते, मग पुन्हा अकरा.' असं. आमच्या भागातली मेंढपाळांची कुटुंबं दिवाळीनंतर बिऱ्हाड घोड्यावर टाकून मेंढरांमागं निघायची, ती पावसाळ्याच्या तोंडाला परतायची. मुलं सोबत जात. जाताना आई त्या मुलाच्या हातात एक चिठ्ठी द्यायची. वाटेत कुठं शाळा लागली, कुणी बसवून घेतलं, तर त्या शिक्षकाला दे म्हणायची. बहुतेक चिठ्ठ्यांचं काय झालं कुणास ठाऊक. एका मुलीची मात्र परत आली. जूनमध्ये ती वर्गात शिरली आणि परकराच्या नाडीला गुंडाळलेल्या प्लास्टिकच्या पिशवीतून घडी केलेला कागद काढून तिनं टेबलावर ठेवला. वर आईचं अक्षर: 'वाचते. जोडाक्षरे राहिली. मारू नये, बोलायची थांबते.' खाली वेगळ्या शाईत, वेगळ्या वळणाचं अक्षर: 'जोडाक्षरे झाली. ज्ञ राहिला. चांगली बोलते.' सही वाचता येत नव्हती, गावाचं नावही नव्हतं. आईनं तो कागद वहीत ठेवला. त्या वर्षी ती जेवढ्यांना भेटली तेवढ्यांना तिनं तो दाखवला असेल.

आता त्या पोरीच्या वाचनाचं बक्षीस कुणाच्या पगारात धरायचं?

पैशाबद्दल मी उगाच सोवळेपणानं बोलणार नाही. आमच्या घरात पगाराला फार मान होता, कारण तो वेळेवर येत नसे. किराणावाल्याची वही, दूधवाल्याची वही आणि आईची ती लांबट वही एकाच फळीवर असत. माझे चुलते माध्यमिक शाळेत गणित शिकवायचे. त्यांना आदर्श शिक्षक पुरस्कार मिळाला. तेव्हा अशा पुरस्कारासोबत आगाऊ वेतनवाढ मिळायची, पुढं ती पद्धत बंद झाली. काकांचा फोटो पेपरात आला, गावात मिरवणूक निघाली आणि त्या वाढीव पैशांच्या आशेवर काकूनं पुढची खोली काढली. आम्ही सगळे आनंदात होतो. ते खरंच चांगले शिक्षक होते. संध्याकाळी सातला त्यांच्या ओट्यावर दहावीची मुलं बसलेली असत आणि कुणाकडून कधी पैसा घेतल्याचं मला आठवत नाही. त्यांना मिळालं ते योग्यच मिळालं. पण प्रस्तावाचा फॉर्म मी पाहिला होता. त्यात शिष्यवृत्तीधारक विद्यार्थी किती, असा रकाना होता. आई पहिलीला शिकवते. त्या रकान्यात ती काय लिहिणार? तिनं कधी प्रस्ताव केला नाही. काकांचा सत्कार झाला त्या रात्री भांडी घासताना मात्र ती एवढंच म्हणाली, "आपल्याला पण आवडलं असतं गं." तिच्या गोपनीय अहवालात वर्षानुवर्षं एकच शेरा, 'चांगला'. तो कुणी कशावरून लिहिला हे तिला कधी कळलं नाही.

म्हणून चांगल्या शिक्षकाला जास्त पैसे द्या, असं कुणी म्हटलं की माझं मन आधी हो म्हणतं. वर्गावर जीव टाकणाऱ्या बाईला आणि हजेरी मांडून वर्तमानपत्र वाचणाऱ्या गुरुजीला महिन्याअखेर तेवढाच पगार, दोघांना बारा वर्षांनी वरिष्ठ वेतनश्रेणी, चोवीस वर्षांनी निवडश्रेणी, यात आईसारखीवर अन्याय आहे. तो तिनं सोसला. दोन्ही प्रकारचे शिक्षक गावाला तोंडपाठ असतात, पालक कुणाच्या वर्गासाठी वशिला लावतात ते पाहिलं की पुरे. मग गावाला दिसतं ते पगाराला का दिसू नये?

आमच्याच मातीतल्या माणसानं हे मागितलं होतं. पुसेगावपासून जवळच कटगुण आहे, जोतिराव फुल्यांचं मूळ गाव. १८८२ च्या ऑक्टोबरात त्यांनी हंटर आयोगापुढं, म्हणजे इंग्रज सरकारनं शिक्षणाच्या चौकशीसाठी नेमलेल्या आयोगापुढं, निवेदन दिलं. ते मी अलीकडं पुन्हा वाचलं. त्यात प्राथमिक शिक्षकांबद्दल जे आहे ते आज वाचतानाही गलबलून येतं. शिक्षक शक्यतो शेतकरी वर्गातला असावा, नांगराचा रुमणा किंवा सुताराचा वाकस हाती धरायला त्याला लाज वाटू नये. प्रशिक्षित शिक्षकाला किमान बारा रुपये पगार असावा, मोठ्या गावात पंधरा ते वीस. आणि ज्या खेड्यातल्या शिक्षकाची जास्त मुलं पास होतील त्याला पगाराखेरीज खास भत्ता द्यावा, उत्तेजन म्हणून. 'पगाराखेरीज' ही अट मी दोनदा वाचली. त्याच निवेदनात, थोडं पुढं, ते आणखी सांगतात की निकालावर अनुदान देण्याची पद्धत गरीब, अडाणी रयतेत शिक्षण पसरवायला मुळीच योग्य नाही. त्या लोकांत अजून शिक्षणाची गोडी लागलेली नाही, आणि त्यांच्यासाठी स्वतःच्या जिवावर शाळा काढून कुणाही शिक्षकाचं पोट भरणार नाही.

वरवर ही दोन टोकं वाटतात. मला ती एकाच माणसाची एकच जाण वाटते. आधी पोटापुरता पक्का पगार, मग वर उत्तेजन. आणि जिथं मूल शाळेपर्यंत येणंच मुश्कील, तिथं निकालाची फूटपट्टी लावली तर शिक्षक त्या वस्तीकडं फिरकणारच नाही, हे त्यांनी ओळखलं होतं. फुल्यांच्या डोळ्यांपुढं तेव्हा इंग्रजांची पद्धत होती. विलायतेत १८६२ मध्ये रॉबर्ट लो या मंत्र्यानं नियम आणला की शाळेचं अनुदान मुलांच्या हजेरीवर आणि वाचन, लेखन, गणिताच्या परीक्षेवर ठरेल. इन्स्पेक्टर येणार, एकेका मुलाला उभं करणार, नापास झालं की तेवढे पैसे कापणार. तीस वर्षांहून जास्त काळ हे चाललं. परीक्षेत जे नव्हतं, तो इतिहास-भूगोल वर्गातून मागं पडला, मुलं वाचनाची पुस्तकं पाठ करू लागली. मॅथ्यू अर्नोल्ड हा मोठा कवी स्वतः शाळांचा इन्स्पेक्टर होता आणि आपल्याच खात्याच्या या पद्धतीविरुद्ध तो लिहीत राहिला. शेवटी शतक संपता संपता ती गुंडाळावी लागली.

इथवर आल्यावर 'बघा, फसलंच' म्हणून मोकळं व्हावंसं वाटतं. पण मग आंध्र प्रदेश आडवा येतो.

२००५ पासून तिथल्या ग्रामीण सरकारी शाळांत कार्तिक मुरलीधरन आणि वेंकटेश सुंदररामन या दोघांनी मोठा प्रयोग केला. काही शाळांतल्या शिक्षकांना सांगितलं, वर्षाच्या सुरुवातीला तुमच्या मुलांची चाचणी होईल, शेवटी पुन्हा होईल. सरासरी जेवढी सुधारेल, त्यातले पहिले पाच टक्के सोडून वरच्या प्रत्येक टक्क्याला पाचशे रुपये. बक्षिसाची रक्कम सरासरी वार्षिक पगाराच्या तीन टक्क्यांच्या आसपास. फार नव्हेच. तरी दोन वर्षांनी त्या शाळांतली मुलं इतर शाळांतल्या मुलांच्या स्पष्ट पुढं होती, गणितात जास्त, भाषेत त्याहून थोडी कमी. विज्ञान आणि सामाजिक शास्त्रावर बक्षीस नव्हतं, तिथंही मुलं पुढं सरकली. तेवढाच पैसा जादा कंत्राटी शिक्षक किंवा साहित्यासाठी दिलेल्या शाळांपेक्षाही इथलं फळ जास्त होतं. शिक्षकांच्या गैरहजेरीत काही फरक पडला नाही, पण जे हजर होते ते जास्त शिकवू लागले, जादा तास घेऊ लागले, जादा गृहपाठ देऊ लागले. हे वाचताना मला आपल्याच मताची फेरतपासणी करावी लागली. ज्यांना पैशाचा वासही लागू नये असं आपण म्हणतो, ती आपल्यासारखीच माणसं आहेत. वर्षाअखेरीला कुणीतरी आपलं काम मोजणार आहे आणि त्याचं काहीतरी देणार आहे, एवढ्यानंही हात हलतात.

त्या प्रयोगातली एक बारीक अट मला सगळ्यात महत्त्वाची वाटली. सुरुवातीच्या चाचणीला बसलेलं मूल शेवटच्या चाचणीला आलं नाही, तर शिक्षकाच्या हिशोबात तो तोटा धरायचा. म्हणजे कच्च्या पोराला 'आज घरी थांब' म्हणायची सोयच नाही. कुणीतरी आधीच बसून विचार केला होता की माणूस कुठून पळवाट काढेल. बसमधल्या त्या मोठ्या सरांचा सल्ला जणू त्यांनी आधीच ऐकला होता. फक्त यातून एक मूल तरीही निसटतं. जे जूनमध्ये नव्हतंच, डिसेंबरात टोळीबरोबर आलं आणि मार्च-एप्रिलमध्ये कारखान्याचा पट्टा पडला, हंगाम संपला की बीडकडं परत गेलं, ते ना सुरुवातीच्या चाचणीत, ना शेवटच्या. त्याच्यावर घालवलेला तास शिक्षकाच्या खात्यात नफाही नाही, तोटाही नाही. त्याच्यामागं लागू नये, असंच ते गणित गुपचूप सांगतं.

आमच्या दोन्ही जिल्ह्यांत अशी मुलं जागोजागी आहेत. सातारा-सांगलीत कारखान्यांची धुराडी पेटली की टोळ्या येतात. माणमधून मेंढरांमागं मुलं जातात. खानापूर-आटपाडीकडचे गलाईवाले, म्हणजे सोनं-चांदी गाळणारे, देशभरच्या पेठांत पसरलेले, त्यांची मुलं कधी आजीकडं विट्याजवळ, कधी आईबापाकडं कुठल्या तरी लांबच्या शहरात, मधेच शाळा बदलून. जतच्या पूर्व भागात घरी कन्नड बोलणारी पोरं. जावळी-पाटणच्या डोंगरात एका शाळेत बोटावर मोजण्याइतकी मुलं, त्यातलं एक आजारी पडलं तरी सरासरी कोसळते. या सगळ्यांना आणि साताऱ्यात घरी ट्यूशन लावलेल्या, बापाबरोबर मोटारसायकलवर शाळेत येणाऱ्या मुलाला एकाच तक्त्यात बसवून शिक्षकांची क्रमवारी लावली, तर तो शिक्षकांचा निकाल होणार नाही. तो गावाच्या पावसाचा आणि बापाच्या उत्पन्नाचा निकाल होईल.

मी स्वतः बँकेत नोकरी केली. तिथं टार्गेट होतं, इन्सेन्टिव्ह होता, तिमाहीच्या शेवटी शाखेत एक वेगळीच हवा असायची. मुदत ठेव मोडायला आलेल्या पेन्शनर बाबाला विमा गळ्यात मारला जायचा आणि त्याच्या चेहऱ्याकडं कुणी बघायचं नाही. ज्यांनी विकला ती माझी मित्रमंडळी होती, चांगली माणसं, एकमेकांच्या अडीअडचणीला धावणारी. पैसा एका आकड्याला बांधला की त्या आकड्याबाहेरचा माणूस दिसेनासा होतो, हे मी काउंटरच्या आतून पाहिलं आहे. वर्गात तो बाहेरचा माणूस सहा वर्षांचा असतो.

अमेरिकेत स्कूल डिस्ट्रिक्ट म्हणजे साधारण आपल्या जिल्हा परिषदेच्या शिक्षण विभागासारखं, पण स्वतःचा कर, स्वतःचे नियम असलेलं. तिथं हे प्रयोग पुष्कळ झाले. नॅशव्हिलमध्ये २००६ ते २००९ या काळात गणिताच्या शिक्षकांना वर्षाला पंधरा हजार डॉलरपर्यंत बक्षीस देऊ केलं. एकंदरीत मुलांच्या गुणांत फरक दिसला नाही. अटलांटात शिक्षक-अधिकाऱ्यांनीच मुलांच्या उत्तरपत्रिकांवरची चुकीची उत्तरं खोडून बरोबर केल्याचं उघडकीला आलं आणि २०१५ मध्ये अकरा जणांना न्यायालयानं दोषी ठरवलं. डेन्व्हरमध्ये तर लोकांनी २००५ मध्ये मतदान करून जादा कर भरायची तयारी दाखवली, शिक्षकांच्या कामगिरीशी जोडलेली वेतनपद्धत आणली, आणि २०१९ च्या फेब्रुवारीत त्याच पद्धतीवरून शिक्षक संपावर गेले. पुढच्या वर्षी हातात किती पडतील हे कळत नाही, मूळ पगार वाढवा, ही त्यांची तक्रार. ती वाचली तेव्हा मला फुल्यांचे ते बारा रुपये आठवले.

आपल्याकडं २०१७ च्या ऑक्टोबरात शासन निर्णय निघाला होता. वरिष्ठ आणि निवडश्रेणी हवी तर शाळा प्रगत हवी, शाळा सिद्धी या शाळांच्या मूल्यांकनात 'अ' श्रेणी हवी, नववी-दहावीचा निकाल ऐंशी टक्क्यांच्या वर हवा. शिक्षकांत केवढा असंतोष पसरला ते सगळ्यांना आठवत असेल. तेव्हा बरेच लोक म्हणाले, मास्तरांना काम नको. मला ते पटलं नाही. शाळा सिद्धीत इमारत, मैदान, स्वच्छतागृह हेही मोजतात. संरक्षक भिंत बांधणं बाईंच्या हातात आहे का? पत्रा गळतो म्हणून तिची श्रेणी अडायची? ज्यावर माझा ताबा नाही त्यावर माझा पगार ठरवणं, याला उत्तेजन कसं म्हणायचं?

दुसरीकडून एक गोष्ट सांगितली जाते, तीही मला आता ऐकवत नाही. शिक्षकांनी पैशाचं नाव काढलं की साताऱ्यात हमखास कुणीतरी कर्मवीरांचं नाव घेतं. भाऊरावांनी वसतिगृह चालवायला काय काय सोसलं, लक्ष्मीबाईंनी मुलांच्या पोटासाठी मंगळसूत्र मोडलं, आणि तुम्ही वेतनवाढ मागता? लहानपणापासून ऐकलेली ती गोष्ट आजही माझ्या घशात आवंढा आणते. म्हणूनच ती अशी वापरलेली पाहवत नाही. लक्ष्मीबाईंनी दागिने मोडले कारण मुलांना घालायला घरात दाणा नव्हता. बारा महिने तिजोरी चालवणाऱ्यांनी ते उदाहरण महिन्याकाठी सोळा हजारांवर राबणाऱ्या शिक्षणसेवकापुढं धरू नये. कायम होण्याआधीची तीन वर्षं तो त्यावर काढतो, त्यात खोलीचं भाडं, पेट्रोल, कधी वर्गाचे खडूसुद्धा.

आणि तरीही, पैशाशिवाय काही घडतच नाही असंही नाही. साताऱ्याजवळच्या कुमठे बीटात, म्हणजे एका विस्तार अधिकाऱ्याकडं असलेल्या शाळांच्या गटात, काही वर्षांपूर्वी जे घडलं ते बघायला राज्यभरातून शिक्षक गाड्या करून यायचे. मुलं फरशीवर आखलेल्या आकृत्यांत बसून आपलं आपण शिकतायत, बाई त्यांच्यात मांडी घालून. प्रतिभा भराडे या तेव्हा तिथल्या विस्तार अधिकारी होत्या. तिथल्या शिक्षकांना त्यासाठी जादा पगार नव्हता. आईनं त्याबद्दल ऐकलं तेव्हा तिचा पहिला प्रश्न वेगळाच होता, "साहेब स्वतः खाली बसतात?" तिच्या आख्ख्या नोकरीत तपासणीला आलेला अधिकारी खुर्चीवर बसला, चहा प्याला, शेरेबुकात लिहून गेला. कुणी कधी तिच्या वर्गात मांडी घालून एका मुलाचं वाचन शेवटपर्यंत ऐकलं नाही. तिला आयुष्यभर कमी पडलं ते बहुधा हे, आणि त्याखालोखाल पैसे.

मी आईला बसमधलं सगळं सांगितलं. ती त्या मोठ्या सरांवर चिडेल असं वाटलं होतं. ती म्हणाली, "त्याला कुणीतरी कधीतरी असाच कापला असंल." मग आम्ही दोघी बराच वेळ बोलत बसलो, तिच्या डोळ्यांपुढं तिचे जुने वर्ग, माझ्यापुढं आंध्रातला तो हिशोब. मी विचारलं, तुला ठरवायला दिलं तर तू कसं देशील? तिनं चष्मा काढून पुसला. पहिलं म्हणजे, ती म्हणाली, शेवटी कुठं पोचलं ते बघू नका, कुठून निघालं ते बघा. आलं त्या दिवशी एक चाचणी, मग ते जून असो नाहीतर डिसेंबर. जायच्या आदल्या आठवड्यात दुसरी. ती त्याच बाईनं घ्यायची नाही, शेजारच्या शाळेतल्या बाईनं यायचं. टोळीचं पोरगं पटावर घेतलं आणि चार महिन्यांत त्याला काना-मात्रा आली, तर त्याचे पैसे इतरांपेक्षा जास्त, कारण कष्ट जास्त. आणि शाळेला मिळून द्या, पहिलीपासून वरपर्यंत सगळ्यांना. मी तिला सांगितलं की आंध्रात दुसऱ्या वर्षी एकेकट्या शिक्षकाला दिलेलं बक्षीस मिळून दिलेल्यापेक्षा जास्त लागू पडलं. ती जरा गप्प झाली. "पडलं असंल," म्हणाली, "पण मग त्या पाचवीच्या गुरुजीनं माझ्या पहिलीतल्या पोराला दुपारचं कशाला जवळ बसवलं असतं? आमच्या शाळेत ते बसवायचे." माझ्याकडं याला उत्तर नव्हतं. अभ्यास बरोबर असेल, आणि तिची शाळाही खरी होती.

एवढं सगळं करायला माणसं लागतील, केंद्रप्रमुखांच्या जागा भराव्या लागतील, बाईंच्या मानेवरचं बीएलओचं, म्हणजे मतदारयाद्यांचं, आणि सर्वेक्षणाचं काम उतरवावं लागेल, असं मी म्हटलं. ते तर लागेलच, ती म्हणाली. कुणी विचारलं तर हे सगळं लिहून दे म्हणाली, आणि मी मोबाईलवर टिपून घेत होते तेव्हा स्वयंपाकघरातून पुन्हा हाक मारून आणखी एक घालायला लावलं: एप्रिलमध्ये चाचणी झाली तर पैसे मे महिन्याच्या पगारात जमा करा, पुढच्या दिवाळीला नकोत, आणि सोबत एका ओळीत लिहून द्या की कुठल्या मुलासाठी मिळाले.